गार्डच्या डब्याचं दार

बाइंडरकाकांचे गुडघे हल्ली गाडीच्या आधी वाजत. खाणीच्या फाट्यावर, वळणापाशी, रुळांखालच्या मोरीच्या कठड्याला पाठ टेकून ते बसत आणि रुळांतून घरघर आली की उठायला लागत. एक हात कठड्यावर, एक मांडीवर आणि तोंडात ‘आई गं’, अशा तीन आधारांनी माणूस उभा राही, तोवर इंजिन नाकासमोरून निघून गेलेलं असे.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, हे ज्याला सोसत नाही त्याने या नादाला लागू नये. प्रवाशांची गाडी उशिरा तरी येते. मालगाडी उशिराही येत नाही. ती येते तेव्हा येते. काकांनी चौतीस वर्षं अशी वाट पाहिली. सहा दिवस छापखान्याच्या मागच्या खोलीत छापील पानांचे फर्मे शिवायचे, पुठ्ठ्यांना खळ लावायची, कटरवर पुस्तकांच्या कडा सरळ करायच्या आणि सातव्या दिवशी डबा, पाण्याची बाटली, कॅमेरा घेऊन इथे येऊन बसायचं. चौदा किलोमीटरचा फाटा. खाणीतून दगड भरून गाडी जंक्शनला यायची, रिकामी होऊन परत जायची. एक इंजिन, पंचवीस-तीस वाघिणी, शेवटी गार्डचा डबा. बस्स, एवढंच. पण घरात लग्नाचा अल्बम एक आणि या गाडीचे एकेचाळीस, सगळे काकांनी स्वतः बांधलेले.

“कुठे गेलेत?” असं कुणी विचारलं की काकू दारातूनच सांगत, “वाघिणींकडे. धड परत आले तर निरोप देते.”

एकदा खाणीच्या रखवालदाराने काकांना भंगारचोर समजून चौकीत बसवून ठेवलं होतं. काकांनी खुलासा म्हणून इंजिनाची जन्मकथा सांगायला घेतली. कोणत्या वर्षी आलं, बॉयलर कधी गेला, डिझेल कधी लागलं. ते अजून पहिल्या इंजिनाच्या चाकांवरच होते, तेव्हा रखवालदाराने हात जोडले. “जा बाबा,” तो म्हणाला, “हवं ते उचलून ने, पण जा.”

काकांचा नियम मात्र कडक. फोटोत गाडी हवी, माणूस नको. फाटकवाला, शेळ्या राखणारी म्हातारी, सायकलवाला, कुणी मध्ये आलं की काका हात हलवायचे, “जरा बाजूला, जरा बाजूला!” काकूंनासुद्धा एकदा हौसेने बरोबर नेलं आणि दिवसभर बाजूलाच उभं केलं. त्या पुन्हा गेल्या नाहीत. इतकं करूनही एखादा माणूस फोटोत शिरलाच, तर छापखान्यातलं कटर होतंच. कड सरळ करता करता माणूस कधी गळून पडे, काकांच्या लक्षातही राहत नसे.

खाण संपली. येत्या शनिवारी शेवटची गाडी, मग फाटा बंद, असा कागद जंक्शनवर लागला. काकांनी तो वाचला आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं ते हे, की आता झोप काढता येईल. या विचाराची त्यांना दिवसभर लाज वाटत राहिली.

सोमवारी दुपारी एक बाई छापखान्यात आली. चाळिशीची, काखेत हेल्मेट, धापा टाकत.

“मालगाडीचे फोटो काढणारे काका तुम्हीच ना? माझे बाबा त्या गाडीवर गार्ड होते. सव्वीस वर्षं.”

काकांना डबा आठवला, लाल रंग उडालेला. माणूस आठवेना.

“जंक्शनवर शनिवारी भिंतीवर फोटो लावणार आहेत, या फाट्यावर काम केलेल्या सगळ्यांचे,” ती म्हणाली. “बाबांचा गाडीवरचा एकही फोटो घरी नाही. होते ते छत गळलं तेव्हा गेले. तीन वर्षं झाली बाबांना जाऊन. त्यांच्या नावाखाली चौकट रिकामी राहील हो. तुमच्याकडे तर हजारो असतील.”

“असतील म्हणजे? आहेत!” काका म्हणाले. “परवा ये.”

ती निघाली आणि दारातून हसून म्हणाली, “बाबा तुमच्याबद्दल सांगायचे. कॅमेरावाले दिसले की आपण आत व्हायचं, दार ओढून घ्यायचं. त्यांचा फोटो स्वच्छ यायला हवा, बिचारे उन्हात बसलेले असतात.”

काकांच्या हातातला खळीचा ब्रश तसाच राहिला.

त्या दिवशी त्यांनी अल्बम काढले. एकेचाळीस. पाटावर पाय पसरून, चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. इंजिनं होती, वाघिणी होत्या, धूर होता. शेवटी लाल डबा आणि डब्याचं दार. दार बंद. पुढच्या पानावर दार बंद. पावसाळ्यात बंद, उन्हाळ्यात बंद. कुठे कुठे दाराच्या कडेवर चार बोटं दिसत, दार ओढून घेणारी. सव्वीस वर्षांत गार्डाची जमा एवढीच, चार बोटं.

“जेवायचंय का वाघिणीच खायच्यात?” काकूंनी विचारलं.

“त्या पोरीला काय सांगू?”

“खरं ते सांगा. तुझ्या बापाला मी बाजूला केलं म्हणावं.” बोलून गेल्यावर त्यांनाच ते लागलं. मग त्या म्हणाल्या, “अहो, अल्बमात तुम्ही कापलेलं असतं. निगेटिव्ह कोण कापतंय?”

निगेटिव्ह माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. मंगळवारी काकांनी रजा टाकली आणि खिडकीशी बसून एकेक पट्टी उजेडावर धरली. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारपर्यंत पुन्हा तीच दारं, नुसती काळ्याची पांढरी झालेली. शेवटचा डबा तेवढा उरला, म्हणजे खरं तर पहिला. चौतीस वर्षांपूर्वीचा पहिला रोल.

त्यात तो होता. डब्याच्या पायरीवर सरळ उभा, एक हात दांडीला, दुसऱ्यात गुंडाळलेला झेंडा आणि थेट कॅमेऱ्याकडे बघणारा. निगेटिव्हमध्ये तोंड काळं, टोपी पांढरी. हा कोण वळणावर बसलाय, असं कुतूहल त्या उभं राहण्यात होतं. काकांची खोड तेव्हा त्याला कुठे ठाऊक होती? पुढच्या खेपेला काकांनी ‘जरा बाजूला’ म्हणून हात हलवला असणार. त्यानंतर सव्वीस वर्षं त्या माणसाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

काकांनी पहिला अल्बम उघडला. तोच फोटो, एकतीस वाघिणी, उजवी कड सुतात सरळ. गार्डचा डबाच नाही.

स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून दिला. कण कण दिसत होते, नाक नीट उमटलं नव्हतं. बुधवारी मुलगी आली, फोटो हातात घेऊन उभी राहिली. काका घाईघाईने म्हणाले, “जरा धूसर आहे...”

“कॉलर बघा,” ती म्हणाली. “एका बाजूने वर. आई रोज ओरडायची.” आणि ती तिथेच, पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसली.

“मी त्याला कापलं होतं गं,” काका म्हणाले.

“काका, त्यांना आवडायचं ते, आत होणं. एवढं तरी रेल्वेबाहेरच्या कुणाच्या कामी येतो म्हणायचे.”

काकांनी फोटोला मागून जाड पुठ्ठा लावून दिला. कडा कापल्या नाहीत.

शनिवारी चौकट भरली होती. ती डोळ्यांनी पाहून काका वळणावर आले. आज ठरवून आले होते. इंजिन नाही, वाघिणी नाहीत, गार्डचा फोटो काढायचा, माणसासकट. आता आठ वर्षं दुसरा गार्ड होता, जुन्याच्याच हाताखाली शिकलेला.

घरघर आली. काका वेळेआधीच उठले, तीन आधारांनी. वाघिणी गेल्या, रिकाम्या, खडखडत. शेवटी लाल डबा. पायरीवर गार्ड उभा होता.

“थांबा!” काका ओरडले. “आत जाऊ नका! तिथेच!”

खडखडाटात कुणाला ऐकू जाणार? गार्डाने कॅमेरा पाहिला, ओळखीचं हसला, शिकवल्याप्रमाणे झटकन आत झाला आणि दार ओढून घेतलं.

काकांनी खटका दाबला. मग कठड्यावर बसले.

घरी काकूंनी बूट काढायला हात दिला. “मिळाला का माणूस?”

“बोटं मिळाली.”

“किती?”

“चार.”

“ठेवा मग,” काकू म्हणाल्या. “आणि कापू नका.”