सुटलेल्या नावांचा पारखी

माझा धाकटा भाऊ काय करतो, असं कुणी विचारलं की माझं डोकं दुखायला लागतं. एकदा मी "कंप्युटरचं काम करतो" म्हणून सुटका करून घेतली, तर शेजारणीनं तिचा बिघडलेला प्रिंटरच माझ्या हातात ठेवला. खरा प्रकार असा आहे. वेबसाइटचं नाव वर्षाच्या भाड्यानं मिळतं. धंदा बुडतो, मालक कंटाळतो, भाडं भरायचं राहून जातं आणि ते नाव मोकळं सुटतं. अशी सुटलेली नावं आमचे चिरंजीव उचलतात आणि ज्याला हवी त्याला विकतात. म्हणजे विकायची असतात. बहुतेक नावं वर्षभर सांभाळून हा पुन्हा सोडून देतो.

पारख मात्र त्याला आहे, हे मी रागात असले तरी मान्य करते. एखादं नाव दिसलं की तो आधी त्याची जुनी पानं उकरून काढतो. इथं पूर्वी कोण नांदत होतं, मधल्या काळात जुगारवाले घुसले होते का, दुसऱ्या किती वेबसाइट अजून या नावाचा पत्ता देतात आणि त्या भल्या लोकांच्या आहेत की पैसे घेऊन पत्ता छापणाऱ्यांच्या, सगळं बघतो. शेवटची परीक्षा बाबांची. हा आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत बाबांना फोन लावतो आणि नाव एकदाच सांगतो. बाबांनी ते बरोबर लिहून घेतलं तर नाव पास. मी दोन गल्ल्या पलीकडून यांच्यासाठी डबा घेऊन येते, तेव्हा हे बापलेक भिंतीच्या दोन बाजूंना बसून फोनवर बोलत असतात. अशा वेळी डबा तसाच परत न्यावासा वाटतो.

बंद पडलेल्या एका दरवाजे-खिडक्यांच्या कारखान्याचं नाव त्याच्या हाती लागलं, तेव्हा तो हवेतच होता. नाव छोटं, तोंडात सहज बसणारं, घरं बांधणाऱ्यांच्या कितीतरी वेबसाइटवर अजून त्याचा पत्ता. बाबांनी ते पहिल्या फटक्यात लिहून घेतलं. मी म्हटलं, "आणि हेही नाही गेलं तर?"

"तर धंदा बंद, ताई. सरळ भावोजींच्या दुकानात येतो."

आमचं रंगाचं दुकान आहे आणि तिथं एक माणूस कमीच पडतो. माझा नवरा तर कधीपासून म्हणतोय, "ये म्हणावं त्याला. हवेतली नावं विकण्यापेक्षा डब्यातला रंग विक." हे बोलणं भावाच्या किती जिव्हारी लागतं, ते मला ठाऊक आहे. त्या नावावर त्याचं सगळं अडलं होतं.

आणि गिऱ्हाईक आलं. परगावचा एक दरवाजे बनवणारा. त्याचा फोन आला, त्यानं बरा भाव सांगितला. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. तर या शहाण्यानं त्याला जवळजवळ दुप्पट आकडा सांगितला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी विचारलं.

त्यानं मला स्क्रीन दाखवली. "हे नाव विकणे आहे" असं लिहिलेलं त्याचं एक पान होतं आणि ते किती लोक उघडतात याची मोजणी बाजूला. रोज सकाळी आकडा चढत होता, आणि सगळे आपल्याच गावातले.

"इथलाच कुणीतरी मोठा आहे, ताई. चार-पाच माणसं लावलीत बघायला. विचारत नाही, नुसत्या घिरट्या घालतो. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो असंच करतो. त्या दरवाजेवाल्याची घाई मला नको."

"तुझंच तू मोजत नाहीस ना?"

"माझा फोन, घरचं नेट, सगळं वजा केलंय. मी काय आज आलोय या धंद्यात?"

मी घरी जाऊन भांडी आपटली.

त्याच आठवड्यात बाबा चष्मा विसरून बागेत फिरायला गेले, म्हणून तो द्यायला मी मागोमाग गेले. कोपऱ्यातल्या बाकावर त्यांची मित्रमंडळी ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या हातात फोन. बाबा समोर उभे राहून कवायत घ्यावी तसे सांगत होते, "उघडलं? आता खालपर्यंत जा. झालं? बंद करा, पुन्हा उघडा."

मी एकाच्या फोनमध्ये डोकावले. हे नाव विकणे आहे.

"बाबा, हे काय चाललंय?"

"अगं, दुकानात गर्दी दिसली की गिऱ्हाईक आत येतं. रोज करतो आम्ही." मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं दिवसभर दुकान मांडून त्या खोलीत बसतं. कुणी फिरकत नाही. मला नाही बघवत."

मी त्यांना फैलावर घेणार होते, ते सोडून चष्मा त्यांच्या हातात दिला आणि तडक भावाकडे गेले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून सकाळची मोजणी वजा करत बसला. खाली उरले दोघंच. एक दरवाजेवाला आणि एक मी, उत्सुकतेनं एकदा उघडून बघितलेली. त्यानं दरवाजेवाल्याला फोन लावला, त्याचाच जुना भाव चालेल म्हणाला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं दुसरं नाव घेऊन टाकलं होतं, गाड्यांवर रंगवूनही झालं होतं.

मी म्हटलं, "आता बाबांना चांगलं सुनावते."

"नाही. बाबांना सांगायचं, नाव गेलं. चांगल्या भावात गेलं. ते पैसे मी भावोजींच्या दुकानात घातले आणि भागीदार झालो."

"आणि खरं?"

"खरं तुला माहीत आहे ना. बास झालं."

बाबांनी बागेत सगळ्यांना चहा पाजला. "बघा, आपण उघडत होतो म्हणून," असं प्रत्येकाला वेगळं सांगितलं. मलाही तो चहा प्यावा लागला. इतका राग आला होता मला, त्या नावाचा, त्या मोजणीचा, भावाच्या शहाणपणाचा, बाबांच्या मायेचा. आणि काढायचा कुणावर?

भाऊ दुकानात यायला लागला तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगून ठेवलं होतं. तो हसला नाही, एवढंच मला दिसलं. काही दिवसांनी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, आपल्या दोन मित्रांना घेऊन भागीदाराचं दुकान बघायला आले. भाऊ तेव्हा मागच्या बाजूला उकिडवा बसून सांडलेला रंग पुसत होता. नवऱ्यानं त्यांना काचेतून येताना बघितलं. तो गल्ल्यावरच्या आपल्या खुर्चीतून उठला, भावाच्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाला, "बस तिथं. आणि मला काहीतरी काम सांग, जरा मोठ्यानं."