गांधीबागेतलं जिनसेंग

वनस्पतीचं सगळं सत्य तिच्या जनुकांत लिहिलेलं असतं. औषधनिर्माण महाविद्यालयात हे वाक्य मी दरवर्षी गंभीर आवाजात सांगतो आणि मुलं उतरून घेतात, कारण ते परीक्षेत येतं.

या उन्हाळ्यात ते मामांच्या घरी सांगायची वेळ आली. मामांचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा कोरियात. दोघांनीही वडिलांच्या अशक्तपणावर जिनसेंगचं एकेक मूळ पाठवलं होतं. मामांनी जाहीर केलं, ज्याचं मूळ अस्सल त्याच्याकडे उन्हाळा काढायचा. मामीला धाकट्याकडेच जायचं होतं; तिथली नात तिने अजून फोनवरच पाहिली होती.

मामांनी आधी आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. कापडाचा धागा जाळून सूत ओळखतात, तसा दोन्ही मुळांचा एकेक तंतू जाळला. दोन्हींना जळका वास आला. मग मला बोलावलं.

"तुझ्या मशीनीत टाकून सांग गा, ओरिजिनल कोणतं हाय ते."

"दोन्ही असतील, मामा. जाती वेगळ्या, जनुकं वेगळी, म्हणून आतली रसायनंही वेगळी. कोरियातल्या मुळात एक द्रव्य असतं, ते अमेरिकेतल्यात नसतं. अमेरिकेतल्यात भलतंच एक असतं."

"म्हणजे भाऊ-भाऊच, पण माल वेगळा."

वर्गात इतक्या लवकर कुणाला समजत नाही.

तपासणीत थोरल्याचं मूळ बरोबर निघालं. धाकट्याच्या मुळात यातलं एकही द्रव्य नव्हतं. ती चक्क अश्वगंधा होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ओळखायला देतो ती.

निकाल ऐकून मामांनी फोन उचलला. "पोट्टा बापाले फसवून राहिला!"

मामी स्वयंपाकघरातून आली. "ठेवा तो फोन. त्याचं मूळ मी मागच्या रविवारी मटनाच्या रश्श्यात टाकलं. सून म्हणे, तिकडे कोंबडीच्या सुपात टाकतात. तुमाले समजू नये म्हणून महालातल्या जडीबुटीवाल्याकडून दुसरं आणून डब्यात ठेवलं."

"काहून पण?"

"पंधरा दिवस नुसतं पाहून राहिले होते त्याच्याकडे. तीन वाट्या पेले तुमी रस्सा. आली काय ताकद?"

"घाम आला."

"तो मसाल्याचा."

पुरावा मामांच्या पोटात गेला होता आणि तिथली तपासणी करायची सोय आमच्या प्रयोगशाळेत नाही. मामांनी बराच विचार करून दुकानदाराचा निवाडा दिला: गिऱ्हाइकाने माल वापरला, परत केला नाही, म्हणजे पसंत पडला. कोरियाची तिकिटं निघाली. मामीने त्याच संध्याकाळी बॅग काढली.

जाताना मामांनी डब्यातलं ते मूळ धाकट्यासाठी भेट म्हणून घेतलं. त्याला सांगायला 'भारतीय जिनसेंग' हे नाव त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. बाजारात अश्वगंधेला तसं म्हणतात खरं. जिनसेंगशी तिचं काही नातं नाही. ती वांग्याच्या कुळातली आहे.