मोठ्या संकटाची खोली

माझ्या सासऱ्यांना संकटाची इतकी ओढ होती, की संकट वेळेवर येत नाही म्हणून ते चिडत. पाहुणा येणार म्हणून घर सारवून, अंथरुणं घालून ठेवावीत आणि पाहुण्याची गाडीच चुकावी, तसं त्यांचं वर्षानुवर्षं झालं होतं.

जपानशी लढाई चालली होती त्या काळात ते वर्ध्याला धान्यपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. चांगले जमीनजुमल्याचे लोक बाटलीभर रॉकेलसाठी आपल्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. ते दृश्य त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे लढाई संपली, रेशन उठलं, ते पेन्शनीत निघाले, पण आपण कोणापुढे हात जोडून उभे आहोत असं स्वप्न त्यांना पडतच राहिलं. एवढ्यापुरती मला त्यांची दया येते. बाकीचं सगळं सांगताना दया आवरून ठेवणार आहे.

घराच्या मधोमध एक बिनखिडकीची खोली होती. तिला कुलूप, आणि किल्ली सासऱ्यांच्या करदोड्याला. नियम असा, की घरात कुठलीही चांगली वस्तू आली की ती आधी त्या खोलीत जायची. दोन घोंगड्या आणल्या तर एक अंगावर, एक खोलीत. नवी बादली खोलीत, गळकी मोरीत. गहू, तूरडाळ, गूळ, साखर, चहापत्ती, मीठ, रॉकेलचे डबे, काड्यापेट्या, मेणबत्त्या, ताडपत्री, कुनैनच्या गोळ्या, साबणाच्या वड्या, मांजरपाटाचं अख्खं ठाण, सगळं तिथं. हे सगळं मोठ्या संकटासाठी. आम्ही माणसं तेवढी बाहेर राहत होतो, कारण आम्ही टिकाऊ माल नव्हतो.

मी लग्न होऊन त्या घरात आले ती शिलाई मशीन घेऊन. माझ्या वडिलांची धाम नदीच्या काठी भाजीची वाडी होती. वांगी, टमाटे, मेथी बैलगाडीत घालून ते वर्ध्याच्या बाजारात आणत. लग्नात त्यांनी मला सोनं घातलं नाही, हातानं फिरवायचं मशीन दिलं. मी गावातल्या बायकांच्या वर्गात शिवण शिकले होते आणि माझा हात चांगला होता. निघताना ते म्हणाले, "सोनं पेटीत बसून राह्यते पोरी. हे चालत राहीन."

मशीन सासरी पोचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या खोलीत गेलं.

"सूनबाई, लय अक्कलेची वस्तू आणली तू," सासरे कौतुकानं म्हणाले. "उद्या जगबुडी झाली, नोटांचा कागद झाला, तरी हे मशीन घर चालवीन. जपून ठेवलं पायजे."

"पण मामंजी, आत्तापासूनच शिवलं तर? शेजारच्या बायका कापड घेऊन येतील."

"यंत्र वापरलं का झिजते."

"मग मी हातानं शिवू?"

"शिव ना. माणूस वापरल्यानं झिजत नाई."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. त्यानंतर तीन वर्षं मी सुईनं शिवत होते, बोटांना भोकं पाडून घेत होते, आणि दर रविवारी दुपारी भिंतीपलीकडून माझ्या मशीनचा आवाज ऐकत होते. कारण रविवारी सासरे तपासणी करत. कंदील घेऊन आत जायचे, हवा लागू नये म्हणून दार लोटून घ्यायचे, डबे न उघडताच मोजायचे, मशीनला तेल घालायचे आणि सुई न लावता, दोरा न ओवता, नुसतं चाक फिरवत बसायचे. खडखड, खडखड. मला रडू यायचं नाही, संताप यायचा. मशीन माझं, हात त्यांचा, आणि शिवून काय निघत होतं तर हवा.

संकटं येत नव्हती असं नाही. पण सासऱ्यांच्या परीक्षेत ती पास होत नव्हती. वैशाखात वादळ झालं, स्वैपाकघरावरची कवेलू उडाली, चुलीवर आभाळ दिसू लागलं. मी ताडपत्री मागितली. ते अंगणात उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "हे वादळ नाई, वावटळ आहे." आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, थंडी वाजून ताप भरला. कुनैन मागितलं तर "ताप साधा आहे." मला मुलगी झाली, तिच्या झबल्यांसाठी मांजरपाटातलं हातभर मागितलं. "लेकरू तर आनंदाची गोष्ट आहे, त्यात कायचं संकट?" असं म्हणून त्यांनी मलाच लाजवलं.

अडचण, टंचाई, आपत्ती आणि मग संकट, अशा त्यांच्या पायऱ्या होत्या. आमचं सगळं आयुष्य पहिल्याच पायरीवर बसून होतं. ते मात्र वर्तमानपत्र उघडून चौथ्या पायरीकडे डोळे लावून बसत. सुवेझचा कालवा बंद झाला तेव्हा ते दोन दिवस फार खुशीत होते. रॉकेलचे आणखी डबे आले. वर्धा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं तेव्हा त्यांनी गूळ भरला. राज्य बदलल्याचा गुळाशी काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नवे पैसे आले तेव्हा मीठ. जगात कुठेही काही खुट्ट झालं की आमच्या जेवणातला एक जिन्नस कमी व्हायचा.

माझे यजमान जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या काट्यावर कारकून होते. गाड्या यायच्या, कापूस तोलायचा, वजन सांगायचं. काम दिवाळीपासून उन्हाळा सरेपर्यंत. पावसाळ्यात फॅक्टरी बंद, आणि पगार अर्धा. म्हणजे दर वर्षी चार महिने आमच्या घरात ठरल्या वेळी ओढाताण यायची, पण पंचांगातल्यासारखी येते म्हणून तिला कोणी संकट मानत नव्हतं. यजमान स्वभावानं इतके गरीब, की काट्यावर उभे राहिले असते तर काटा हलला नसता असं मला वाटे. वडिलांसमोर ते फक्त मान हलवत, तीही होकारार्थी.

मग एका वर्षी, पोळ्याच्या सुमाराला, मालकाचा निरोप आला. यंदा काट्यावर आपला भाचा बसवणार, तुम्ही दुसरीकडे बघा. अर्धा पगारही त्याच दिवशी थांबला.

त्या रात्री आम्ही जेवायला बसलो. मी वाट बघत होते. आता तरी करदोड्याकडे हात जाईल, आता तरी मशीन बाहेर येईल. गौरी-गणपती तोंडावर, पुढे दसरा-दिवाळी. मोहल्ल्यात पोरांचे कपडे शिवायचे हेच तर दिवस होते. महिन्याभरात मी घर उभं केलं असतं. नाहीतर मुलीला घेऊन वडिलांच्या वाडीवर जाऊन पडावं लागणार होतं, आणि मशीन दिलेल्या बापाकडे रिकाम्या हातानं जाणं मला मरणाहून जड होतं.

सासऱ्यांनी ताटातला शेवटचा घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नोकरी जाणं म्हणजे आपत्ती नाई. टंचाईच्याही अलीकडं आहे. आज खोली उघडली तं मोठ्या वक्ताले काय करसान?"

यजमानांनी मान हलवली.

आत्याबाईंनी ताटं उचलली. त्या फारसं बोलतच नसत. पण पहाटे त्यांनी मला उठवलं, स्वैपाकघरात नेलं आणि रात्रीची भाकर कांद्यासोबत माझ्या हातात दिली. स्वतःही खाल्ली. "खाय पोटभर," त्या म्हणाल्या. "आज चूल पेटवाची नाई. आपल्याले उपासमारीचं सोंग करा लागन, अन् सोंग भरल्या पोटानं चांगलं वठते."

सकाळी सासरे आंघोळ करून आले. चूल थंड.

"काऊन व, सैपाक नाई?"

"नाई," आत्याबाई म्हणाल्या. "डाळ सरली."

"शेजारून आणजो."

"शेजारी आपल्याच घरी मागाले येते. खोलीची कीर्ती लय आहे तुमची."

सासऱ्यांनी थंड चुलीत डोकावून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं," ते म्हणाले. "सराव होऊन राह्यला. संकटात हे असंच होईन." आणि तांब्याभर पाणी पिऊन ते वर्तमानपत्र घेऊन बसले. यजमान दुसऱ्या एका फॅक्टरीत काम विचारायला म्हणून सटकले. ते तिथं गेले की बाजारात भजी खायला, हे मी कधी विचारलं नाही.

दुपार झाली. सराव लांबला. सासरे अंगणात फिरून आले, वर्तमानपत्र उलट्या बाजूनं वाचलं, करदोडा चाचपला, परत बसले. भूक त्यांनी सोसली. मी सांगते ते खरं सांगते, भूक त्यांनी मर्दासारखी सोसली. पण तिसऱ्या प्रहरी त्यांची चहाची वेळ झाली आणि सगळा सराव ढासळला.

"चहा?" त्यांनी आतल्या दिशेनं विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

आत्याबाई कपबशा पालथ्या घालून त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. "चहापत्ती खोलीत आहे, साखर खोलीत आहे," त्या म्हणाल्या. "मोठं संकट येईन तवा भेटन चहा."

घरात एवढी शांतता झाली की माझी मुलगी झोपेतून उठली. सासरे उभे राहिले. करदोड्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. "सूनबाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटते, हे संकटच आहे."

जपानी विमानं, कालवे, बाँब यांनी जे ठरवलं नाही ते एका कप चहानं ठरवलं.

दार सताड उघडलं, पहिल्यांदाच उजेड आत गेला. मिठाला पावसाळ्यानं पाणी सुटून खालची जमीन ओली झाली होती, त्या ओलीनं काड्यापेट्या मऊ पडल्या होत्या. रॉकेलचा एक डबा गळून सगळ्या गुळाला वास लागला होता. डाळीत सोंडे. मेणबत्त्या वर्ध्याच्या उन्हाळ्यांत वितळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. मांजरपाट उंदरांनी कुरतडलं होतं. साखर आणि चहापत्ती तेवढी डब्यात असल्यानं वाचली. सासरे एकेक डबा उघडून बघत होते आणि पुन्हा झाकण लावून ठेवत होते. तेव्हा मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

कोपऱ्यात, चादरीखाली, माझं मशीन होतं. चाकाला बोट लावलं तर ते लोण्यासारखं फिरलं. गंजाचा ठिपका नाही. दर रविवारच्या तेलानं सगळ्या खोलीत तेवढीच एक वस्तू जिवंत ठेवली होती.

मी ते ओसरीवर आणून मांडलं आणि उंदरांनी उरवलेल्या मांजरपाटातून आधी माझ्या मुलीला दोन झबली शिवली. दसऱ्यापर्यंत ओसरीवर कापडांचा ढीग लागला. फ्रॉक, चोळ्या, पोरांच्या चड्ड्या. डाळ आली, चहापत्ती आली. यजमान काजं करायला शिकले आणि माझ्यासमोरही मान हलवू लागले. दिवाळीनंतर मालकाचा भाचा काट्यावर डुलक्या घेताना सापडला आणि यजमानांना परत बोलावणं आलं.

त्यानंतरच्या रविवारी सासरे तेलाची कुपी घेऊन ओसरीवर आले. मी सरकून बसले. त्यांनी मशीनला तेल घातलं, चाक दोनदा फिरवून पाहिलं, आणि हळूच विचारलं, "सूनबाई, पोराची नोकरी लागली. आता सरलं ना संकट?"

किल्ली करदोड्याला होती, आणि मशीन परत आत घ्यायला खोली झाडून पुसून तयार होती. साबणाच्या नव्या वड्या आत गेलेल्या मी पाहिल्या होत्या.

"नाई मामंजी," मी म्हटलं. "आहे अजून."

त्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. पुढे वर्षानुवर्षं तेल आणि तो प्रश्न बरोबरच येत राहिले. मी संकट एका दिवसासाठीही सरू दिलं नाही. माझ्या शिवणावर मुलगी शिकली, कवेलू बदलली गेली, आत्याबाईंना वेळेवर औषध मिळालं.

शेवटच्या आजारपणात त्यांना ओसरीवरच खाट टाकून दिली होती. दिवसभर ते मशीनच्या आवाजात पडून असत. हात थरथरायचा, म्हणून तेल मीच घालायला लागले होते. एका रविवारी त्यांनी डोळे उघडून विचारलं, "आहे का व अजून?"

"आहे, मामंजी."

"मंग राहू दे बाहेरच," ते म्हणाले, आणि कूस बदलून निर्धास्त झोपले.