जे डास आमच्याकडे आले नाहीत

पाय गुडघ्यापर्यंत उघडे टाकून अंगणात बसायचं, हे सासूबाईंना पटवणं सोपं नव्हतं. आमचं घर पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागून. वरच्या खोल्यांत हिंजवडीला नोकरी करणारी भाडेकरू पोरं राहतात. कंपनीच्या गाड्या त्यांना सोडायला बरोबर दिवेलागणीलाच दारात येतात.

"लोकांसमोर लुगडं वर घिऊन बसू व्हय मी?" सासूबाईंनी विचारलं.

विचारलं ते डासांवर काम करणाऱ्या एका मॅडमना. त्या पुण्याहून आल्या होत्या. घराबाहेर बसलेल्या माणसाला डासांपासून वाचवता येतं का, हे त्यांना तपासायचं होतं. अंगाला काही चोपडायचं नाही, धूर करायचा नाही. औषध लावलेलं जाळीदार कापड जवळ टांगून ठेवायचं. औषध आपोआप हवेत उडत राहतं आणि डास लांब राहतात, निदान राहायला हवेत. ते खरंच राहतात का, हे बघायचं तर माणूसच बसवावा लागतो.

मला बसायचंच होतं. बारावीला जीवशास्त्र माझ्या आवडीचं होतं. लग्नानंतर कुणी मला काही तपासायला बोलावलं नव्हतं. मी परसातली, आंब्याच्या पलीकडची जागा सुचवली. तिथून रस्ता दिसत नाही. सासूबाई जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "हितं चालंल."

आधी, कुणाला हिवताप वगैरे नाही ना म्हणून, आमचं रक्त तपासलं. मग परसाच्या दोन टोकांना दोन खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येकीभोवती बांबू रोवून कापडं टांगली. एकीकडची कापडं औषधाची, दुसरीकडची नुसतीच. दिसायला अगदी सारखी. कुठली कुठं लावलीत, ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं, म्हणजे कुणाच्या मनाचा कल मधे येणार नाही. आम्ही दोघींनी रोज खुर्च्या बदलायच्या.

डास पायावर बसला की चावायच्या आत त्याला काचेच्या नळीत ओढून घ्यायचं. नळीला रबरी पाइप, पाइपचं टोक आपल्या तोंडात. मधे बारीक जाळी असते, त्यामुळे डास घशात जात नाही. पहिला डास बसला तेव्हा सासूबाईंचा हात सवयीनं उचललाच गेला.

"मारू नका आजी," मॅडम म्हणाल्या. "जिवंत हवाय. कुठल्या जातीचा आहे ते बघायचंय."

ती वेळ म्हणजे म्हशीच्या धारेची आणि चुलीची. पण आम्हाला खुर्चीवरून उठायची सोय नव्हती. सासऱ्यांनी धार काढली, कुकर लावला आणि मीठ कुठं आहे हे दोनदा येऊन विचारून गेले. मी समोर बघत बसले. भातखाचरांवरचा उजेड कमी होत होता. इतक्या वर्षांत त्या वेळी मी तिथं नुसती बसले नव्हते. सासूबाई पलीकडून मोठ्यानं विचारत होत्या, "ह्ये समदे चावत्यात का गं?"

"नाही आत्या, फक्त मादी चावते. नर फुलांचा रस पितो."

त्यांनी आणखी एक डास नळीत ओढून घेतला. मग म्हणाल्या, "बरं हाय त्याचं."

आंब्याजवळची कापडं औषधाची, असं मी पहिल्याच संध्याकाळी मनाशी ठरवून टाकलं. तिथं बसले की मला एक मंद वास यायचा आणि डासही कमी वाटायचे. मोजणं मॅडमकडे होतं, त्यामुळे माझी समजूत तशीच पक्की होत गेली.

अशात एकदा शेजारच्या चुलत सासूबाई कुंपणापाशी आल्या. "तुमचं ते सुरू झाल्यापास्नं माज्याकडं लई डास वाढल्यात," त्या मॅडमना म्हणाल्या.

मला त्यांचं हसू आलं, पण लगेच प्रश्नही पडला. मी मॅडमना विचारलं, "जे आमच्याकडे येत नाहीत, ते मरतात की दुसऱ्याकडे जातात?"

"काही निघून जात असतील," त्या म्हणाल्या. "कुठं, ते आम्हालाही बघायचंच होतं." आणि दुसऱ्या दिवसापासून चुलत सासूबाई आपल्या परसात, कापडाविना, नळी तोंडात धरून बसल्या. सगळ्यात आधी जागेवर त्याच असायच्या.

भात कापून झाल्यावर मॅडम निकाल सांगायला आल्या. आम्ही तिघी ओट्यावर बसलो. आंब्याजवळची कापडं नुसती होती. औषधाची दुसरीकडे होती आणि तिथं वारा पडलेला असताना डास बरेच कमी आले होते. वारं सुटलं की मात्र दोन्हीकडे फारसा फरक राहत नव्हता.

"पण मला वास यायचा," मी म्हणाले.

"औषधालाही वास नाही," मॅडम म्हणाल्या. मी ओशाळले. मग मला वास कसला यायचा, तेही अजून कळलेलं नाही.

"आन् माज्याकडं?" चुलत सासूबाईंनी विचारलं.

"काही दिवस जास्त होते, काही दिवस कमी. कापडामुळंच वाढले, असं सांगता येत नाही. नाही वाढले, असंही सांगता येत नाही."

त्यांचं समाधान झालं नाही. "मंग पुढच्या टायमाला कापड माज्याकडं लावा," त्या म्हणाल्या. "आन् हिच्याकडं जात्यात का बघा."

मॅडम हसल्या नाहीत. "तसंच करणार आहोत," म्हणत त्या दोन परसांमधलं अंतर मोजायला उठल्या. टेपचं दुसरं टोक धरायला मी त्यांच्यामागून गेले.