चांगली वीस काडतुसं

आख्ख्या जर्मनीत एवढ्या प्रेमानं काडतुसं बनवणारा आणि एवढा जीव खाली-वर करत ती उडवणारा माणूस दुसरा नसेल. म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे काका. मूळचे पुण्याचे, इथल्या येना शहरात भिंगांच्या फॅक्टरीत पंचवीस वर्षं, त्यामुळे केसाकडे बघूनही 'जाड आहे' म्हणणारे. मी चाळीसगावचा, इथं शिकायला आलेला आणि काकूंच्या पोळ्यांवर जगणारा. काका दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन शंभर मीटरवरच्या कागदाला रायफलनं भोकं पाडायचे. पण दुकानातली काडतुसं त्यांना चालत नसत. "ती सगळ्यांसाठी केलेली असतात रे," असं ते नाकातून म्हणायचे, जसं काही मेसच्या आमटीबद्दल बोलतायत. म्हणून रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात बसून ते स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे.

बारूद मोजताना कुणी बोलायचं नाही, हा कायदा. पन्नास पितळी पुंगळ्या ओळीनं उभ्या, काका काट्यावर एकेक दाणा टाकतायत, आणि मी एकदा नुसता शिंकलो. काकांनी भरलेल्या एकतीस पुंगळ्या शांतपणे परत ओतल्या. "आल्झो," ते म्हणाले, "म्हणजे आता पहिल्यापासून." तेव्हापासून काकू जिन्यावरून हाक मारायच्या बंद झाल्या, माझ्या हाती चिठ्ठी पाठवायला लागल्या. एकदा त्यात लिहिलं होतं, 'पोळ्या गार झाल्यात, मी गरम झालेय.' काकांनी चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि पुढचा दाणा टाकला.

एवढं करून त्यातली अगदी जुळी भावंडं वाटावीत अशी वीस काडतुसं त्यांनी एका डब्यात वेगळी ठेवली होती. ती 'चांगली'. बाकीची 'रोजची'. चांगली उडवायची ती चांगल्या दिवशी. पण तो दिवस काही येईना. कधी वारा, कधी ऊन डोळ्यावर, कधी काकांचं पोट. क्लबाच्या वार्षिक मॅचलासुद्धा डबा सोबत नेला आणि रोजचीच उडवून परत आणला. "आज हवेत मजा नव्हती," म्हणाले.

मग म्युनिकच्या मुलीला बाळ झालं आणि काका-काकूंनी रिटायर होऊन तिच्याकडेच राहायला जायचं ठरलं. मुलगी फोनवर जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, बाळाच्या घरात बंदूक नको." काका मराठीत म्हणाले, "बरं." तेवढंच. रायफल क्लबातल्याच एका परवानेवाल्यानं घ्यायचं कबूल केलं. म्हणजे चांगली वीस उडवायला आता एकच शनिवार उरला.

त्या शनिवारी काकूही आल्या. काका रायफलमागे बसले आणि वाऱ्याच्या झेंडीकडे बघत राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. झेंडी हलायची, काका उसासा टाकायचे. क्लबात देखरेख करणारे एक म्हातारे गृहस्थ दोनदा घड्याळाकडे बघून गेले. काकांनी डबा बंद केला आणि रोजच्या काडतुसांकडे हात नेला.

"अहो," काकू म्हणाल्या, "माझा लग्नातला शालू मी असाच ठेवला होता. कसर लागली."

"पितळेला कसर लागत नाही."

"रायफल तर जाणारे ना आज? मग त्या पितळेचं काय, लोणचं घालू?"

काकांनी डबा उघडला. वीसच्या वीस उडवली. प्रत्येक वेळी झेंडी हलतच होती.

म्हातारे गृहस्थ कागद घेऊन आले. भोकं छान जवळजवळ होती. "गूट," ते जर्मनमध्ये म्हणाले, "नेहमीसारखीच."

काकांनी चष्मा वर करून कागद डोळ्याजवळ धरला, मग गेल्या शनिवारचा कागद बॅगेतून काढून त्यावर ठेवला. बराच वेळ बघितलं. "म्हणजे रोजचीही चांगलीच होती की," ते हळूच म्हणाले.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', काकू म्हणाल्या. त्यांचं जर्मन तेवढंच, पण वेळेवर.

रायफल तिथंच नव्या मालकाला गेली. परतताना ट्राममध्ये काकांच्या हातात आजचा तो एकच कागद होता. मी म्हटलं, "काका, द्या, माझ्या सॅकमध्ये ठेवतो."

"नको रे," ते म्हणाले, आणि कागद दोन्ही हातांनी छातीशी सपाट धरून उभेच राहिले. "घडी पडेल."