दुसऱ्या नंबरची साडी

मोबाइलवर आलेल्या फोटोवर माझा विश्वास नाही, आणि स्वतः काढलेल्या फोटोवर तर त्याहून नाही. भंडाऱ्यात लग्नाकार्याचे फोटो काढणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाने फोन करून "रंग असा काहून आला?" असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, "तुम्ही कशावर पाहून राहिले?" लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. सिहोऱ्याला जे झालं ते त्यांच्या घरी झालं असतं तर तेही असेच झाले असते.

सिहोऱ्याला माझी धाकटी बहीण दिली आहे. तिच्या दिराचं लग्न ठरलं, म्हणजे तिच्या सासूला आमच्याकडून आहेराची साडी जायला हवी. आमच्या घरी हातमाग आहे, बाबा अजून कोसा रेशमाच्या साड्या विणतात, आणि मुलीच्या सासरी दुकानातली साडी गेली तर आपली अब्रू गेली असं त्यांचं ठाम मत. सासूबाई विधवा. राखी, मातकट, फार तर विटकरी, याच्या पुढच्या रंगाला त्यांनी कित्येक वर्षांत हात लावलेला नव्हता. त्यांना पसंत पडेल तीच पाठवू म्हणून बाबांनी अंगणात दोरीवर तीन साड्या टाकल्या आणि मला फोटो काढायला सांगितलं.

पहिली राखी, तिसरी मेंदीच्या पानासारखी, आणि मधली लालभडक. ती कोणासाठी म्हणून मी विचारलं तर बाबा म्हणाले, "सगळ्यात चांगली उतरली आहे. दाखवाले काय जाते?" विणकराला आपला माल दाखवायची खाज असतेच. मी नव्या कॅमेऱ्याने फोटो काढले, लॅपटॉपवर घेतले, साड्या मांडीवर ठेवून रंग जुळवले आणि बहिणीला पाठवले. तिने ते सासूबाईंच्या मोबाइलवर टाकले. तिचा निरोप आला, "त्याईले दुसरी आवडली."

मी निरोप बाबांना वाचून दाखवला. बाबा खूश होऊन म्हणाले, "बाई सुधरली म्हणायची."

मला काही ते पटेना. "एकदा रंगाचं विचारून घ्या," मी म्हटलं.

"काय विचारू? लाल पायजे का म्हणून? विधवा बाईले असं तोंडानं विचारतेत काय?"

तेही खरंच होतं. आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही. फोनवर तिकडूनही "दुसरी" आणि इकडूनही "दुसरीच ना? दुसरीच." रंगाचं नाव कोणी काढलं नाही. एका ओळखीच्या माणसाच्या हाती गठ्ठा गेला.

त्यानंतर बहिणीचा फोन आला तो रडतच. "दादा, तुम्ही असं काहून केलं? त्याईनं गठ्ठा सोडला अन् माह्या तोंडाकडेच पाहत राह्यल्या. म्हणते, तुह्या माहेरचे माही थट्टा करून राह्यले. आता माह्या हातचा चहासुद्धा घेत नाही." दिराचं लग्न तोंडावर, घरात पाहुण्यांची ये-जा, आणि तिचं हे असं. बहीण रडली की मला राग येतो.

बाबांना माझा संशय. "कॉम्प्युटरवर काय खेळ केला तू?" मला बाबांचा. गठ्ठा बांधताना भलताच माल तर नाही ना गेला? पण खरा संशय मला सासूबाईंचा होता. स्वतः पसंत केली, कोणीतरी नाक मुरडलं असेल, आणि आता सुनेच्या माथी मारून मोकळ्या. हे मला इतकं पटलं की पुरावा म्हणून लॅपटॉप आणि कॅमेरा पिशवीत घातला, बाबांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि तुमसरमार्गे सिहोरा गाठलं.

ओसरीवर साडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. सासूबाई तिच्यापासून हातभर दूर बसलेल्या. पाणी त्यांनी स्वतः आणून दिलं. बहीण दारात उभी होती, तिला पुढे येऊ दिलं नाही.

"मावशी, फोटोत तुम्ही हीच साडी पाहिली ना?" मी वकिलासारखं सुरू केलं.

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "पाह्य. हे लाल आहे?"

नव्हतं. मळकट, विटकरीकडे झुकलेला रंग होता. मनात पहिला विचार हाच आला की कोणीतरी फोटोशी खेळ केला. मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. तिथे तोच फोटो, तीच दोरी, मागे तीच आमची न्हाणी, आणि साडी कुंकवासारखी लाल. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बाबांनी चष्मा पुसला.

मग माझी ट्यूब पेटली. नव्या कॅमेऱ्यात रंगांची प्रोफाइल निवडता येते. एक साधी, आणि एक जास्त रंग मावणारी. मोठे फोटोग्राफर दुसरीच वापरतात असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकून मी ती लावून बसलो होतो. फोटोसोबत तिची चिठ्ठी असते, ती माझा लॅपटॉप वाचतो. मोबाइलवर पाठवताना ती गळून पडली. मी बाबांना कळेल असं सांगितलं, "मी मीटरने मोजून दिलं, यांच्या मोबाइलने तेच आकडे गजाचे धरले. कापड आखूड पडलं."

"म्हणजे खोटं कोण बोललं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणीच नाही, मावशी."

"असं कसं? कोणी तरी बोललंच असन."

त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. फोटो साध्या प्रोफाइलमध्ये बदलून पुन्हा पाठवला. त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी वर्तमानपत्र सोडून साडीचा पदर मोबाइलशेजारी धरला आणि बराच वेळ आळीपाळीने दोन्हीकडे पाहिलं. मग मान न वळवता म्हणाल्या, "सूनबाई, चहा ठेव." बहीण आत पळाली. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा म्हणाले, "विहीणबाई, फोटोत दिसला तसाच रंग लग्नाच्या आत विणून देतो." त्यांनी मान डोलावली. ठीक, म्हणून मी लाल साडी उचलायला वाकलो, तर त्यांचा तळहात तिच्यावर.

"राहू दे."

मला वाटलं, झालं! आमची चूक पाहुण्यांना दाखवायला ठेवून घेताहेत. त्या साडी घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चहा आला, निवाला, आणि त्या आल्या. लाल साडी नेसून. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला.

"तुह्या पिशवीत कॅमेरा आहे ना? काढ."

रस्त्याकडच्या दारात नाही, मागच्या अंगणात उभ्या राहिल्या. कॅमेरा साध्या प्रोफाइलवर आणून मी फोटो काढला. मघापासून या बाईबद्दल जे जे मनात आणलं होतं, त्याची मला लाज वाटत होती.

"घरच्या ग्रुपवर नको टाकू," त्या म्हणाल्या. "मले एकटीले पाठव. अन् लालच राहीन ना? मांगच्यासारखा फिका तर नाही होणार?"

"नाही होणार."

माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. फोटो येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. आल्यावर मोबाइल पदराला लावून उन्हात नीट पाहिला.

"हाव," म्हणाल्या, आणि साडी बदलायला आत गेल्या.