वाघाचा म्हणून जपलेला दात

परवा एका फोटोनं घोटाळा केला, म्हणून लिहायला बसले. नाहीतर या वयात फेसबुकवर लांबलचक लिहायची मला हौस नाही.

माझा भाचा सतीश मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाजवळच्या आमच्या जुन्या गावी राहतो. त्याच्या मुलीनं घरातल्या एका दाताचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या घरातला वाघाचा दात'. वाघाचा दात बाळगणं गुन्हा आहे, असं कुणीतरी सतीशला सांगितलं आणि तो घाबरला. "आत्या, उद्या सकाळी नदीत सोडून देतो," फोनवर म्हणाला.

मी म्हटलं, "दात आहे तिथे ठेव. मी येतेय." फोटो काढून टाकला तरी लोक अजून विचारताहेत... म्हणून एकदाच सगळं सांगते.

तो दात वाघाचा नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर माझा दामूकाका तो घेऊन घरी आला, तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. काका लष्करात लॉरी चालवायचा. इटलीत न्यूझीलंडचा एक सैनिक त्याच्यासोबत होता. त्या सैनिकाला आपल्या घराजवळच्या चुनखडीच्या दगडात हा दात सापडला होता, आणि शकुनाचा म्हणून तो खिशात ठेवायचा. घरी परतताना त्यानं तो काकाला दिला.

काकूनं विचारलं, कसला दात? काका म्हणाला, देवमाशाचा. लई जुन्या काळचा.

तेव्हा काकूचा धाकटा मुलगा वर्षाचा होऊन गेला होता, पण तोंडात एक दात नव्हता. आमच्याकडे अशा मुलाच्या गळ्यात वाघाचा दात बांधायचे, म्हणजे दात लवकर आणि मजबूत येतात असा समज. काकूला दात हवाच होता... पण माशाचा?

"माशाचा दात बांधला आनी उद्या पोर पान्यात गेला म्हंजे?" काकू म्हणाली. "मी वाघाचा हाय म्हनून सांगनार. तुमी तोंड उघडू नका."

"सांग गो. वाघ काय तक्रार करायला येत नाय," काका म्हणाला.

दाताला दोन मुळं होती. त्यांच्या बेचक्यात काळा दोरा अडकवून काकूनं तो मुलाच्या गळ्यात बांधला. पुढे मुलाला दात आले, ते येणारच होते. पण दाताचं नाव झालं. तो घरोघर जाऊ लागला आणि परत येताना सोबत पसाभर तांदूळ येऊ लागले. एकदा तर सोयरिकीतून शहापूरकडे, पार उंबरमाळीपर्यंत जाऊन आला.

भाताच्या खाचराचं पाणी सोडायच्या दिवसांत काका बांधाच्या तोंडाशी बांबूची पाटी लावायचा. पाणी निघून जायचं, मासे आत राहायचे. एकदा ते दाखवत, त्या सैनिकाकडून ऐकलेलं तो मला सांगू लागला: आताच्या मोठ्या देवमाशांना दात नसतात. तोंडात झालर असते आणि ते असंच पाणी गाळून खातात. त्यांचा हा पूर्वज. त्याला झालर नव्हती, तर तो या दातांच्या फटींतूनच गाळत असणार.

दात माझ्या हातात होता. चपटा, पानासारखा, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते. मी तो पेरूवर दाबला... पेरू सरळ कापला गेला.

"काका, चाळणीला धार कशाला?" मी विचारलं.

"तुला काय सगळा आजच पायजे? मोठी झालीस का बघ," काका म्हणाला.

मोठी झाले, प्राणिशास्त्र शिकले आणि आयुष्यभर शिकवलं. देवमासा हा मासा नव्हे, हे तर कितीदा सांगितलं असेल. ते दात गाळायचे की कापायचे, यावर जाणकारांचा वाद बरीच वर्षं चालला. पुढे संशोधकांनी त्या कडा तपासल्या, तर त्या मांस खाणाऱ्या प्राण्यांच्या दातांइतक्या धारदार निघाल्या. म्हणजे हे पूर्वज भक्ष्य पकडत, कापत. काही जण ते तोंडात शोषून घेत असावेत. गाळणं नंतर आलं, झालरीबरोबर. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण पेरूच्या बाजूनं बरंच काही आहे.

गावी पोहोचले तर सतीश दात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसला होता. दारात शेजारची यमुना उभी, कडेवर नातू. मी दात घेऊन जाणार हे ऐकून ती आधी तो न्यायला आली होती.

"बाय, तुमी नेलात तं आमच्या पोराचा कसा?" तिनं विचारलं.

मी तिला स्पष्ट सांगितलं, दोऱ्यानं दात येत नाहीत, मुलाला डॉक्टरांना दाखव. ती "बरं" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मग मी दात पिशवीतून काढला. चहा होईपर्यंत मुलाच्या गळ्याशी धरला, दोऱ्याची टोकं स्वतःच्या मुठीत ठेवून. मुलानं माझं बोट तोंडात घातलं. खालच्या हिरडीला काहीतरी टोचलं.

"यमुने, आलाय गं," मी म्हटलं. तिनं बोट घालून पाहिलं आणि हसली. "लागला बघा गुन, लगेच." मी वाद घातला नाही.

काकू खोटं बोलली, म्हणून तो दात इतकी वर्षं टिकला. माशाचा दात कुणी जपला नसता. तेच खोटं आता त्याला नदीत बुडवणार होतं. काकूचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

मी जिथे शिकवलं त्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात काल सुपूर्द केलं ते असं: प्राचीन, दात असलेल्या देवमाशाचा एक दात, जात अजून ठरायची आहे. मुळं दोन, त्यांतल्या एकाचं टोक तुटलेलं. बेचक्यात दोऱ्यानं झिजून पडलेली खाच. दात वाघाचा नाही, असं विभागानं सतीशच्या नावे लिहून दिलं.

काळा दोरा यमुनेनं मागून घेतला.